प्रवेश देणे, प्रवेश करणे : इंग्रजी शब्दयोजना आणि मराठी क्रियापदे

१

भारतीय राज्यघटनेच्या इंग्रजी संहितेत आत जाण्याच्या क्रियेसाठी तीन निरनिराळ्या शब्दयोजना आढळतात. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीची स्थाने यांच्यासंबंधी बोलताना अनुच्छेद १५ मध्ये 'ॲक्सेस' हा शब्द येतो. हिंदूंच्या सार्वजनिक स्वरूपाच्या धर्मसंस्थांसंबंधी अनुच्छेद २५ मध्ये 'थ्रोइंग ओपन' अशी योजना आहे. शासनाच्या किंवा शासकीय अनुदानावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांसंबंधी अनुच्छेद २९ मध्ये 'ॲडमिशन' ही संज्ञा वापरलेली आहे. राज्यघटनेच्या मराठी पाठात यांपैकी पहिल्या आणि तिसऱ्या ठिकाणी 'प्रवेश' हा एकच शब्द येतो. दुसऱ्या ठिकाणी संस्था 'खुल्या करणे' असे म्हटले जाते.

अनुवादाच्या दृष्टीने यात चूक काढण्याजोगे काही नाही. 'प्रवेश' हा शब्द मराठीत रुळलेला आहे, आणि कायद्याच्या भाषेला लागणारा नेमकेपणा संदर्भाने साधतो. तथापि इंग्रजीत जे भेद नामांमध्येच साठवलेले आहेत ते मराठीत नामातून नाहीसे होऊन क्रियापदाकडे जातात, ही गोष्ट केवळ कोशकाराच्या आस्थेची नाही. १८५६ पासून १९५६ पर्यंतच्या शंभर वर्षांत मुंबई इलाख्यातील शाळा, तळी आणि देवळे यांच्या दारांशी जो संघर्ष झाला, त्याचा बराचसा भाग दार उघडण्याच्या क्रियेचा कर्ता कोण या प्रश्नाशी निगडित होता. इंग्रजी शब्दयोजनांचा इतिहास आणि मराठी क्रियापदांचा व्यवहार एकत्र ठेवून पाहिल्यास त्या संघर्षाचे एक अंग स्पष्ट होते. आणि मराठी समीक्षा आजही कोणत्या क्रियापदांनी विचार करते, याचाही काहीसा उलगडा होतो.

२

'ॲडमिट' या क्रियापदाचे मूळ लॅटिन 'मिट्टेरे' म्हणजे पाठवणे, सोडणे या धातूत आहे. 'ॲड' या उपसर्गासह त्याचा अर्थ आपल्याकडे येऊ देणे, आत सोडणे असा होतो. या क्रियेचा कर्ता दाराशी उभा असलेला, दारावर अधिकार असणारा मनुष्य होय. आत येणारा हा कर्म आहे. म्हणूनच इंग्रजीत विद्यार्थी स्वतःला 'ॲडमिट' करीत नाही. तो 'ॲडमिट' केला जातो. याच क्रियापदाला कबूल करणे, मान्य करणे असाही अर्थ आहे. एखादे विधान मान्य करणे म्हणजे त्याला आपल्या समजुतीच्या आत सोडणे. दोन्ही अर्थांत मान्यता देणाऱ्याचे स्थान अबाधित राहते.

'ॲक्सेस'चे मूळ याहून वेगळे आहे. लॅटिन 'केदेरे' म्हणजे जाणे. त्यापासून झालेल्या 'ॲक्केदेरे'चा अर्थ जवळ जाणे, येऊन भिडणे असा आहे. येथे कर्ता जाणारा आहे. मध्ययुगीन इंग्रजीत हा शब्द तापाच्या झटक्यासाठीही वापरला जाई. चॉसरच्या 'ट्रॉइलस अँड क्रिसेड' या काव्यात तो त्या अर्थाने आला आहे. ताप कोणाची परवानगी घेऊन येत नाही. पुढे राजा, ईश्वर किंवा आश्रयदाता यांच्या सन्निध जाण्याची वाट आणि मुभा या अर्थाने हा शब्द रूढ झाला. तेव्हा त्यातील जाणाऱ्याचे कर्तेपण काहीसे दबले. परंतु ते पुसले मात्र गेले नाही.

तिसरा शब्द 'एंट्री'. 'आत' या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून झालेल्या 'इंट्रारे' या क्रियापदाशी त्याचा संबंध आहे. इंग्लंडच्या जमीनविषयक कायद्यात या शब्दाला विशेष अर्थ होता. जमिनीवर खरा हक्क असलेला, पण ताबा हिरावला गेलेला मनुष्य त्या जमिनीत पाऊल टाकून आपला ताबा पुन्हा प्रस्थापित करू शके. या कृतीला 'एंट्री' म्हणत, आणि तसे करण्याच्या अधिकाराला 'राइट ऑफ एंट्री'. दुसऱ्या रिचर्डच्या काळात, १३८१ साली, बळाने अशी 'एंट्री' करण्यास कायद्याने मनाई करण्यात आली. मनाई पद्धतीला होती, हक्काला नव्हती. आत जाणे ही येथे विनंती नाही, तो मालकी सिद्ध करण्याचा विधी आहे.

'थ्रो ओपन' ही चौथी योजना पुन्हा दाराच्या आतील बाजूने बोलते. दार उघडणारा मालक आहे, आणि 'थ्रो' या क्रियापदामुळे त्याच्या कृतीला औदार्याचा झोक प्राप्त होतो. दार इतके दिवस बंद का होते, हा प्रश्न त्या झोकात झाकला जातो.

इंग्रजी वाङ्मयातही ही भाषा अनोळखी नाही. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली लॉर्ड चेस्टरफील्डला लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात आश्रयदात्याच्या बाहेरच्या दालनात ताटकळल्याची आठवण आहे. पत्र लिहिले गेले तेव्हा त्याचा कोश पूर्ण होत आला होता आणि दार उघडण्याची गरज संपली होती. व्हर्जिनिया वुल्फच्या 'अ रूम ऑफ वन्स ओन' (१९२९) या ग्रंथातील निवेदिकेला ग्रंथालयाच्या दाराशी अडवले जाते. महाविद्यालयाचा फेलो सोबत असेल किंवा परिचयपत्र असेल तरच स्त्रियांना आत सोडले जाते, असे तिला सौजन्याने सांगण्यात येते. क्रियापद अर्थातच 'ॲडमिट' आहे. वुल्फची सूक्ष्मता अशी की, बाहेर कोंडले जाण्याच्या दुःखाबरोबरच आत कोंडले जाण्याची शक्यताही ती मनाशी तपासून पाहते. दाराच्या आत असणे हे निरपवाद भाग्य आहे, हे द्वारपालाचे गृहीतक तिने तपासल्यावाचून स्वीकारले नाही.

३

मराठीतील 'प्रवेश' हा संस्कृत शब्द 'विश्' या धातूपासून आलेला आहे, आणि मूळ धातूचा कर्ता आत जाणारा आहे. संस्कृत नाटकातील 'ततः प्रविशति' या रंगसूचनेत पात्र स्वतःच येते. त्याला कोणी आत घेत नाही. रंगभूमीवरचा हा अर्थ मराठीत इतका स्थिरावला की अंकाच्या पोटविभागालाच 'प्रवेश' म्हणतात. कोणीतरी आत आले की प्रसंग बदलतो, ही नाट्यदृष्टी त्या पारिभाषिक शब्दात आहे.

व्यवहारात मात्र 'प्रवेश' हे नाम एकटे वावरत नाही. 'प्रवेश करणे' यात आत जाणारा कर्ता आहे. 'प्रवेश देणे' आणि 'प्रवेश नाकारणे' यांत द्वारपाल कर्ता आहे. 'प्रवेश मिळणे' यात आत जाणाऱ्याला चतुर्थी लागते, देणारा वाक्यातून अदृश्य होतो, आणि मिळालेली वस्तू जणू दैवयोगाने हाती पडते. 'प्रवेश घेणे' ही विद्यार्थ्याची भाषा. तीत घेणारा कर्ता आहे खरा, पण घेण्याजोगी वस्तू कोणीतरी आधी पुढे ठेवलेली असावी लागते. फारसीच्या वाटेने आलेला अरबी 'दाखल' हाही आत येण्याचाच शब्द. त्याच कुळातील 'दाखला' मराठीत प्रमाणपत्र या अर्थाने रूढ झाला, आणि शाळा सोडतानाही तोच हाती पडतो. याखेरीज 'शिरणे', 'शिरकाव' आणि 'घुसणे' हे शब्द आहेत. ज्याच्या आत जाण्याला द्वारपालाची संमती नसते, त्याच्यासाठी भाषेने ते राखून ठेवलेले दिसतात.

म्हणजे इंग्रजीतील भेद मराठीला व्यक्त करता येत नाहीत असे नाही. अडचण समासात आहे. 'शाळाप्रवेश', 'मंदिरप्रवेश' असा समास झाला की क्रियापद गळते आणि त्याबरोबर कर्ताही गळतो. 'मंदिरप्रवेश' म्हणजे देवळात जाणे की देवळात जाऊ देणे, हे समास सांगत नाही. या संदिग्धतेमुळेच परस्परांहून अगदी भिन्न भूमिका असलेले लोक एकाच शब्दाखाली एकत्र येऊ शकले.

४

धारवाड येथे १८५६ साली एका महार विद्यार्थ्याने सरकारी शाळेत प्रवेशासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. मुंबई सरकारने या प्रकरणी घेतलेली भूमिका आधुनिक द्वारपालाच्या भाषेचा नमुना आहे. तत्त्वतः न्याय अर्जदाराच्या बाजूस आहे, हे सरकारने मान्य केले. परंतु एका व्यक्तीसाठी इतर सर्वांच्या दृष्टीने शाळा निरुपयोगी होऊ देणे त्याला योग्य वाटले नाही. 'ॲडमिट'चे दोन अर्थ येथे एकमेकांसमोर उभे राहतात. युक्तिवादाला आत घेतले गेले, विद्यार्थ्याला बाहेर ठेवले गेले.

१९२३ च्या ऑगस्टमध्ये सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने यांचा वापर अस्पृश्य वर्गांना करू द्यावा, अशी त्यात शिफारस होती. इंग्रजी संहितेत क्रियापद 'अलाउ' आहे, आणि तेही कर्मणी प्रयोगात. करू देणारा कोण, हे वाक्य सांगत नाही. ठरावाचे ऐतिहासिक महत्त्व निर्विवाद आहे. त्याच्याच आधाराने महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. परंतु खुले करणाऱ्याच्या कर्तेपणात पुन्हा बंद करण्याचाही अधिकार गृहीत असतो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तळ्यावर जाऊन पाणी प्याले. त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. दिलेले परत घेता येते, हा 'देणे' या क्रियापदाचा गुणधर्म आहे.

महाडच्या कृतीचे व्याकरण याहून मूलतः वेगळे होते. १९२७ च्या डिसेंबरात भरलेल्या परिषदेतील भाषणात बाबासाहेबांनी तळ्यावर जाण्याचा हेतू स्पष्ट केला. केवळ पाणी पिण्यासाठी नव्हे, तर इतरांप्रमाणे आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी तळ्यावर जावयाचे आहे, असा त्याचा आशय होता. इंग्लंडच्या जमीनविषयक कायद्यातील 'एंट्री'शी या कृतीचे नाते जोडता येते. तेथे प्रत्यक्ष ऋणसंबंध होता असे सुचवावयाचे नाही. दोहोंची रचना समान आहे, एवढेच. हक्क आधीपासून आहे, ताबा मात्र हिरावलेला आहे. पाऊल टाकणे ही तो हक्क सिद्ध करण्याची कृती आहे. त्यानंतरचा दिवाणी वादही याच अंगाने वाचता येतो. तळ्यावर अस्पृश्यांनी न येण्याची अनादि रूढी आहे, असा सवर्ण वादींचा दावा होता. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही रूढी सिद्ध होत नसल्याचा निर्णय दिला. अडवणाऱ्यालाच आपल्या अडवण्याचा आधार दाखवावा लागला, आणि तो त्याला दाखवता आला नाही. सिद्धतेचे ओझे दाराच्या आतल्या बाजूला गेले.

नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. त्याला 'मंदिरप्रवेश' म्हटले गेले, आणि याच सुमारास त्या समासातील संदिग्धता प्रखर झाली. सनातनी हिंदूंच्या हृदयपरिवर्तनाची वाट पाहणाऱ्या सुधारकांसाठी मंदिरप्रवेश म्हणजे प्रवेश देणे होते. सत्याग्रहींसाठी तो प्रवेश करणे होता. मंदिरप्रवेशाच्या विधेयकासंबंधी फेब्रुवारी १९३३ मध्ये काढलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी ही संदिग्धता संपवली. देवळे उघडावीत की नाही हा विचार हिंदूंनी करावा, त्यासाठी चळवळ करणे हे आपले काम नव्हे, असे त्यांनी स्पष्ट केले. उघडणे हे ज्याचे क्रियापद आहे त्याच्याकडेच त्यांनी ते परत केले. १३ ऑक्टोबर १९३५ च्या येवल्याच्या घोषणेत तर आत जाण्याचे क्रियापदच सोडले गेले आणि बाहेर पडण्याचे स्वीकारले गेले. द्वारपालाच्या भाषेला या निर्णयाचे उत्तर नव्हते, कारण त्या भाषेत बाहेर असणे ही केवळ वंचना असते. तो निर्णय असू शकतो, ही कल्पनाच तीत नसते.

१९३८ च्या मुंबई कायद्याने विश्वस्तांना देवळे खुली करण्याची वाट मोकळी करून दिली, म्हणजे निर्णय त्यांच्याच हाती ठेवला. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी दहा दिवस उपोषण केले. त्या उपोषणाची नैतिक उंची मान्य करूनही हे नोंदवावे लागते की, त्याचे संबोध्य द्वारपालाचे अंतःकरण होते. त्याच वर्षीच्या कायद्याने हरिजनांना देवळात जाण्याचा हक्क दिला. १९५६ च्या कायद्याच्या इंग्रजी नावात मात्र 'एंट्री' या शब्दाला 'ऑथोरायझेशन' जोडलेले आहे. पाऊल टाकणाऱ्याच्या क्रियेला अधिकार बहाल करणाराही शासनच, असा हा जोडशब्द आहे. एकाच नावात दोन कर्ते नांदतात.

५

येथे एक आक्षेप विचारात घ्यावयास हवा. ज्याला शाळेच्या दारातून परत पाठवले गेले त्याला व्याकरणाने काय मिळणार? 'ॲडमिशन' हा द्वारपालाचा शब्द असला, तरी अनुच्छेद २९ त्याच्या आधारे द्वारपालाचेच हात बांधतो. हा आक्षेप अंशतः खरा आहे. परंतु याच शब्दाचा पुढील इतिहासही पाहावा. १९५१ साली चंपकम दोराईराजन खटल्यात याच तरतुदीच्या आधारे मद्रास राज्यातील जातवार जागावाटप रद्द ठरले, आणि त्यावर उपाय म्हणून त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १५ मध्ये नवे कलम घालावे लागले. 'ॲडमिशन'ची भाषा प्रत्येक अर्जदाराला दारासमोर एकटा उभा करते; दार कोणी, कोणासाठी, किती काळ बंद ठेवले होते, याची स्मृती तीत नसते. ती स्मृती बाहेरून आणावी लागते.

साहित्यव्यवहारातही हाच प्रश्न उपस्थित होतो. मराठी ग्रंथकारांच्या १८८५ च्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी नाकारले. न्यायमूर्ती रानडे यांना लिहिलेले त्यांचे पत्र वाङ्मयेतिहासात बहुधा एका मानी पुरुषाचा फटकळपणा म्हणून नोंदले जाते. प्रस्तुत दृष्टीने पाहता ते एका क्रियापदाचे नाकारणे आहे. ज्यांनी इतरांचे मानवी हक्क मान्य केले नाहीत त्यांच्या सभेत 'घेतले जाणे' त्यांना मंजूर नव्हते. येवल्यापूर्वी पन्नास वर्षे, साहित्याच्या क्षेत्रात, बाहेर राहणे हा निर्णय असू शकतो हे या पत्राने दाखवून दिले.

१९७२ साली नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' विजय तेंडुलकर यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. नव्या कवीला प्रतिष्ठित लेखकाची प्रस्तावना, ही वुल्फच्या ग्रंथालयातील परिचयपत्राच्या जातीची गोष्ट होय. पण ही प्रस्तावना प्रत्यक्षात निराळेच काम करते. तीत कवीची शिफारस करणारा द्वारपाल नाही. कवीच्या सोबतीने एका अपरिचित वस्तीत फिरणारा आणि कवितेतील शब्दांचे अर्थ कवीलाच विचारणारा एक मध्यमवर्गीय वाचक आहे. प्रवेश करणारा कोण आणि वाट दाखवणारा कोण, यांची अदलाबदल झालेली आहे. मराठी साहित्याचे दार 'गोलपिठा'साठी उघडले, असे म्हणण्यापेक्षा मराठी वाचकाला तोवर ठाऊक नसलेल्या एका दाराशी त्याला आणून उभे केले गेले, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

असे असता दलित साहित्याला 'मुख्य प्रवाहात प्रवेश मिळाला', अभ्यासक्रमात 'स्थान देण्यात आले', साहित्याचे दालन त्याच्यासाठी 'खुले झाले' ही वाक्ये समीक्षेत आणि वाङ्मयेतिहासात वारंवार आढळतात. ही वाक्ये सहानुभूतीने लिहिलेली असतात. त्यांत मिळणे, देणे आणि खुले होणे ही तीनच क्रियापदे आहेत, आणि तिन्हींत लेखक कर्ता नाही. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरवणाऱ्यांनी कोणाच्या दालनाची किल्ली मागितली नव्हती. त्यांनी आपली सभा भरवली होती. बाबुराव बागूल यांच्या १९६३ च्या कथासंग्रहाचे शीर्षकच, 'जेव्हा मी जात चोरली होती', द्वारपालाच्या भाषेला छेद देते. जात लपवून मिळवलेल्या प्रवेशाचे मोल आत गेलेल्याला काय पडते, याची जाण त्या शीर्षकात आहे.

मराठीला इंग्रजीसारखी तीन-चार नामे घडवावी लागतील, असा याचा निष्कर्ष नाही. मराठीजवळ क्रियापदे आहेत आणि ती पुरेशी आहेत. 'प्रवेश' हा शब्द जेथे येईल तेथे समास सोडवून क्रियापद परत आणावे, आणि त्या क्रियापदाला कर्ता विचारावा, एवढे वाङ्मयेतिहासकाराला करता येईल. महाडच्या तळ्याला 'प्रवेश' हा शब्द मुळात लागूच पडत नव्हता. तळ्याला दार नसते. पाण्यात ओंजळ बुडवणाऱ्या माणसाभोवती द्वारपालाची कल्पना उभी करावी लागते, आणि ती रूढीने आणि नंतर ठरावांच्या भाषेने उभी केली. साहित्याला दार असते की काठ, याचा निर्णय समीक्षेने अद्याप केलेला नाही. तोवर तिची क्रियापदे तो तिच्या वतीने करीत राहतील.